शाल, श्रीफळ आणि त्याची माफी

स्पेनमधला एक कादंबरीकार ऐन उमेदीत आमच्या घरी राहून गेला, आईच्या हातचा वरणभात जेवला, आणि पुढे म्हातारपणी त्याने माझ्या बाबांच्या तोंडी एक वाक्य घातलं. बाबा ते वाक्य कधीही बोलले नव्हते. त्याचं उट्टं मी दुबईत काढलं. कसं काढलं ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. मन मोठं करावं, झालं गेलं विसरावं, असे सल्ले द्यायला ज्यांना आवडतात त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

आमच्या घरी पाहुण्याला 'ते' म्हणायची पद्धत होती. मी त्याला कितीतरी वर्षं 'सर' म्हणत होते. आता 'तो' म्हणते.

तेव्हा आम्ही पिंपरीला राहायचो. मी बी.कॉम. झाले होते आणि नोकरी नव्हती. पुण्यात जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. त्या भाषेशी माझा ऋणानुबंध इतक्या साध्या कारणाने जुळला. बऱ्यापैकी बोलता यायला लागलं, तेवढ्यात आमच्या बाईंनी वर्गात विचारलं, की स्पेनहून एक लेखक येतोय, त्याला हॉटेलात नाही, एखाद्या कामगाराच्या घरी राहायचंय, कोणाकडे जागा आहे का? जागा आमच्याकडेही नव्हती. दोन खोल्यांत आम्ही तिघं. पण बाबा फिटर होते आणि त्यांच्या कंपनीला टाळं लागलेलं होतं. एवढी पात्रता वर्गात दुसऱ्या कोणाच्या घरात नव्हती.

दिवाळीनंतर आला, तो होळीच्या सुमाराला गेला. बाहेरच्या खोलीतली खाट त्याला दिली. ती करकरते अशी त्याने तक्रार केली नव्हती, पण बाबांना आवाज ऐकू आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाट उलटी करून सगळे बोल्ट आवळले. आईने त्याला हाताने वरणभात कालवायला शिकवलं. तो ओघळ पार कोपरापर्यंत न्यायचा आणि आई पदर तोंडाला लावून हसायची.

कंपनीच्या गेटासमोर कामगारांनी मांडव घातला होता. बाबा रोज पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन तिथे जायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. टाळं लागलेल्या कंपनीत वेळेवर जाणारा माणूस बघून पाहुणा चकित झाला आणि त्यांच्याबरोबर जायला लागला. मग मलाही जावं लागलं. कारण बाबांना मराठी आणि कामापुरती हिंदी यायची, इंग्रजी फक्त पान्यांच्या आकड्यांपुरतं, आणि त्याला मराठी-हिंदीचा गंध नव्हता. बाबांनी एक वाक्य बोलायचं, मी ते स्पॅनिशमध्ये सांगायचं. त्याने मान उजवीकडे कलती करून माझ्याकडे बघत थांबायचं, मग उत्तर द्यायचं, आणि मी ते मराठीत आणायचं. त्या हिवाळ्यात ते दोघं एकमेकांशी जे काही बोलले ते सगळंच्या सगळं माझ्या तोंडातून गेलं. हे लक्षात असू द्या.

बाबांना रिकामं बसता येत नसे. मांडवात बसल्या बसल्या ते लोकांच्या छत्र्या, सायकली, गजराची घड्याळं दुरुस्त करायचे. आणि अधूनमधून तेलाची बुदली घेऊन त्या टाळं लावलेल्या गेटाच्या बिजागऱ्यांना तेल घालून यायचे. वॉचमन ओळखीचा होता, तो काही म्हणायचा नाही. पाहुण्याने एकदा विचारलं, बंद गेटाला तेल कशाला? बाबा म्हणाले, "उघडेल तेव्हा अडकायला नको."

मी हे स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचं मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं. आईलाही मी ते घरी येऊन सांगितलं.

त्याने कादंबरी लिहिली ती यावरच. त्याच्या देशातल्या समुद्रकाठच्या गावातली मासे डबाबंद करणारी फॅक्टरी, ती बंद पडते, आणि एक म्हातारा कामगार रोज येऊन तिच्या गेटाच्या बिजागऱ्यांना तेल घालतो. पुस्तक गाजलं. मी त्याचं मराठी भाषांतर केलं, माझ्या माहेरच्या नावाने ते छापून आलं. माझं नाव असलेलं तेवढं एकच पुस्तक. बाबा ते सावकाश वाचायचे, चष्मा पुसून पुसून. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, "बरं लिहिलंय. म्हाताऱ्याला मारायला नको होतं शेवटी." कंपनीचं गेट काही उघडलं नाही. पुढे ते मोडून भंगारात गेलं आणि तिथे टॉवर उभे राहिले. बाबा त्याआधीच गेले, एवढं बरं झालं.

आता या महाशयांचं राजकारण. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्यांच्याकडे हुकूमशहा होता तेव्हा हा विद्यार्थी. लाल पक्षात होता, भिंतींवर घोषणा रंगवायचा, काही दिवस कोठडीतही होता. हुकूमशहा गेला, समाजवाद्यांचं सरकार आलं, तसा हा त्यांच्या सांस्कृतिक समित्यांवर जाऊन बसला. समितीचा कंटाळा आला, किंवा समितीला याचा आला, तेव्हा त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून कामगारांची माफी मागितली: मी तुम्हाला विसरलो, मला क्षमा करा. पुन्हा लाल झाला. आमच्या घरी आला तो या लाल अवतारात. कादंबरीनंतर बक्षिसं आली, मोठं घर आलं, आणि तो मधल्या, सभ्य लोकांच्या पक्षाकडे सरकला. तेव्हा पुन्हा माफी. या खेपेला देशाची: मी तरुण पोरांना खोटी स्वप्नं दाखवली. त्यानंतर आणखी उजवीकडे, इतका की पलीकडे भिंतच. होड्यांमधून जीव मुठीत धरून येणाऱ्या परक्या लोकांनी आपला देश बुडवला, असे लेख तो लिहायला लागला. त्यातही माफी होतीच, आजी-आजोबांची, त्यांच्या देवाधर्माची टिंगल केल्याबद्दल. माफी मागण्यात त्याचा हात धरणारा कोणी सापडायचा नाही. प्रत्येक खेपेला वाचक रडायचे, पुस्तक खपायचं आणि याला नवं घर मिळायचं. परक्यांविरुद्ध लिहून लिहून दमला, आणि मग स्वतःच परका होऊन दुबईत राहायला आला, कारण इथे इन्कम टॅक्स नाही.

मी त्याच्या कितीतरी आधीपासून इथे. अल मनखूलमध्ये आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. नवरा शिपिंगमध्ये, मुलगी बारावीत, आणि मी अल क्वोजच्या एका शोरूममध्ये, स्पेनहून फरश्या आणणाऱ्या कंपनीत. माझं स्पॅनिश आता कादंबऱ्यांचं राहिलेलं नाही. तडे, छटा, पॅलेटवर आलेला तुटका माल, कंटेनर अडकला का सुटला, हेच बोलते दिवसभर. तिकडच्या एका कारखान्याचा सेल्समन दर वर्षी येतो. मला वाचायची आवड आहे हे त्याला माहीत. एकदा त्याने मोठ्या प्रेमाने एक जाड पुस्तक आणून दिलं. माझ्या पाहुण्याचं आत्मचरित्र, नवं कोरं.

जेवणाच्या सुट्टीत, शोरूमच्या मागच्या पॅन्ट्रीत, मी आधी भारताचं प्रकरण उघडलं. आपलं घर पुस्तकात कसं दिसतं ही हौस कोणाला नसते? आमची खाट होती. वरणभात होता. मांडव होता. आणि मग एक संध्याकाळ होती. मांडवात बाकी कोणी नाही, सूर्य बुडतोय, आणि तो म्हातारा फिटर याच्याकडे झुकून हसत हसत सांगतो, की काम हवंय कोणाला? असं आयतं बसून राहण्यातच सुख आहे. गेट उघडू नये अशीच आमची प्रार्थना. त्या संध्याकाळी, लेखक म्हणतो, माझा भ्रमनिरास झाला आणि मी खऱ्या अर्थाने शहाणा झालो.

मी डबा बंद केला. ते पान पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

बाबा! ज्या माणसाला बसता यायचं नाही म्हणून आई वैतागायची, जो शेजाऱ्यांचे मिक्सर मागून आणून उघडायचा, त्याच्या तोंडी हे? आणि बोलला कसा तो हे याच्याशी? कोणत्या भाषेत? मी पानं उलटीपालटी केली, मागे गेले, पुढे गेले. त्या अख्ख्या प्रकरणात मी नव्हते. दुभाषी मुलगी त्याने काढून टाकली होती. काढणं भागच होतं, कारण ती असती तर हे वाक्य तिच्या तोंडातून जावं लागलं असतं, आणि तिने असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्याला उजवीकडे वळायला एक कारण हवं होतं. कारण सापडेना, तेव्हा त्याने माझ्या मेलेल्या बापाला पायरी केलं आणि त्यावर पाय देऊन पलीकडे गेला.

त्याच्या मुलाखती मी इंटरनेटवर शोधून बघितल्या. प्रत्येक ठिकाणी तीच गोष्ट. माद्रिदमध्ये तीच, इथल्या एका पुस्तकांच्या कार्यक्रमात तीच. "भारतातला एक म्हातारा कामगार मला म्हणाला..." आणि लोक हसतात. मी बघत राहायचे, आणि भाजी करपायची.

नवऱ्याला सांगितलं तर तो हादरला. माझ्यासाठी नव्हे, व्हिसासाठी. "हे बघ, इथे चारचौघांत कोणाला काही बोललीस ना, सोशल मीडियावर लिहिलंस ना, तर सरळ केस होते. डिपोर्ट करतील. बारावीचं वर्ष आहे तिचं."

"अपमान केला तर केस होते," मी म्हटलं. "सत्कार केला तर?"

हे मी तेव्हा नुसतं चिडून बोलले होते. पण तोंडातून निघालेलं वाक्य माझ्याजवळच राहिलं.

इथे आता आमच्या मराठी मंडळाची पेटी येते. आमच्याकडे पुस्तकांची एक पेटी घरोघर फिरते. पत्र्याची पेटी, आत मराठी पुस्तकं. दोन महिने एका घरी, आसपासच्यांनी तिथे येऊन पुस्तकं न्यायची, मग पेटी पुढच्या घरी. माझं भाषांतर त्या पेटीत पहिल्यापासून आहे. दुबईतल्या मराठी माणसांनी स्पेनचं तेवढं एकच पुस्तक वाचलंय, पण ते सगळ्यांनी वाचलंय. लेखक नंतर कुठल्या कुठे गेला याचा कोणाला पत्ता नाही. त्यांच्या लेखी तो अजून पेटीतच आहे, लालच्या लाल. आणि भाषांतर करणारी बाई म्हणजे मीच हेही कोणाला माहीत नाही, कारण भाषांतरकाराचं नाव कोण बघतं, आणि त्यातून माहेरचं.

मंडळाच्या अध्यक्षांचं अल क्वोजलाच सुतारकामाचं वर्कशॉप आहे. मोठ्या फ्लॅटांचं इंटिरियर करतात. एक दिवस ते आमच्या शोरूमला फरश्या बघायला आले ते नाचतच. "वहिनी, काय सांगू! समुद्राकडच्या टॉवरमध्ये एका गोऱ्याच्या घरी बुकशेल्फ लावत होतो, तर त्यात आपल्या पेटीतलं पुस्तक! मी म्हटलं हे काय? तर म्हणे आय ॲम द रायटर! बिजागरीवाल्या म्हाताऱ्याचा रायटर हो! मी माझ्या सगळ्या कार्पेंटरना ती स्टोरी सांगतो, कसम से. सत्कार करायचा. रायटर हो म्हणालाय. तुम्हाला स्पॅनिश येतं ना? ट्रान्सलेट तुम्हीच करायचं. आणि मानपत्रही तुम्हीच लिहा, यल्ला, चला, लागा कामाला."

त्या क्षणी मी त्यांना सगळं सांगू शकले असते. ते पापभीरू गृहस्थ आहेत, त्यांनी लगेच कार्यक्रम रद्द केला असता. मी म्हटलं, "लिहिते की. आनंदाने."

तयारीसाठी अध्यक्ष मला त्याच्या फ्लॅटवर घेऊन गेले. दार त्यानेच उघडलं. केस पांढरे, पोट सुटलेलं, अंगात पांढरा लिननचा शर्ट. त्याने माझा हात हातात घेतला आणि मला ओळखलं नाही. तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या आणि वजन आताच्या निम्मं असेल. ठीक आहे, नाही ओळखलं. माझ्या बोलण्याला फरशीवाल्यांचा वास येतो असं मात्र त्याने हसत सांगितलं. भिंतभर शेल्फात त्याचीच पुस्तकं होती, नाना भाषांतली, आणि त्यात आमचं मराठी पुस्तक उलटं लावलेलं होतं, डोकं खाली पाय वर. अध्यक्ष ते सरळ करायला गेले. मी त्यांना खुणेने थांबवलं.

"तुम्ही माझं काही वाचलंय?" त्याने विचारलं.

"एक जुनं," मी म्हटलं.

"अरे देवा. तेव्हा मी लहान होतो," तो म्हणाला, चाळिशीतल्या स्वतःबद्दल. मग म्हणाला, की कार्यक्रमात राजकारण नको, मी फक्त भारताची एक छोटी आठवण सांगेन, लोकांना आवडते ती. मी म्हटलं, "जरूर सांगा. आमच्या लोकांना फारच आवडेल."

मानपत्र मी आठवडाभर लिहीत होते. इतक्या प्रेमाने मी आयुष्यात काही लिहिलं नाही. त्यात एकही वाकडा शब्द नव्हता. तो तरुणपणी कोठडीत गेला, त्याने समितीची खुर्ची सोडून कामगारांची क्षमा मागितली, कष्टकऱ्याइतका उद्योगी माणूस जगात नाही हे त्याने छातीठोकपणे लिहिलं, परक्या मुलखात पोटासाठी जाणाऱ्या प्रत्येकाची बाजू त्याने घेतली, आणि बंद गेटाच्या बिजागरीला तेल घालणाऱ्या एका पिंपरीच्या फिटरला त्याने अमर केलं. सगळं खरं. सगळं त्याने एके काळी केलेलं. मी फक्त पुढची वर्षं लिहिली नाहीत.

मुलीने ते वाचलं. "ममा, इट्स सो स्वीट. पण यू हेट हिम, ना?"

"म्हणूनच," मी म्हटलं. तिने खांदे उडवले आणि ती खोलीत गेली.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता, आमच्याच गल्लीमागच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. मागच्या बाजूला मसालेभात, अळूवडी आणि मठ्ठ्याची तयारी. मंडळ हल्ली सगळे कार्यक्रम लाईव्ह दाखवतं, म्हणून मी आईला पिंपरीला फोन करून सांगून ठेवलं होतं. शेजारचा मुलगा तिला टीव्हीवर लावून देणार होता. ती हरखून गेली. "अगं, तो आपला गोरा? हाताने जेवतो का अजून?" पुस्तकातल्या त्या वाक्याबद्दल मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. आता ते तिच्या कानावर गेलंच, तर माझ्यामार्फतच जाणार होतं.

पहिल्या रांगेत त्याचे चार-पाच देशबंधू बसले होते, त्याच टॉवरमधले. एक बाई मोबाइलवर शूटिंग करत होती. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, वर पुष्पगुच्छ दिला. "दीडशे दिरहमची शाल आहे, म्हणजे आपले साडेतीन हजार," त्यांनी माइक चालू असताना शेजारच्याला सांगितलं आणि सगळे हसले. मग मानपत्र. अध्यक्ष ते मराठीत वाचत होते आणि मी परिच्छेदामागून परिच्छेद स्पॅनिशमध्ये सांगत होते, चांगल्या स्वच्छ आवाजात, पहिल्या रांगेला नीट ऐकू जाईल असं.

आपल्याकडे सत्काराचा एक गुण आहे. सत्कारमूर्तीला हलता येत नाही. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फुलं, चेहऱ्यावर हसू, आणि समोर आपलीच स्तुती. खुर्चीतून उठता येत नाही की हात वर करून थांबा म्हणता येत नाही. समितीच्या खुर्चीपाशी त्याचं हसू जरा आखडलं. पोटासाठी परमुलखात जाणाऱ्यांची बाजू घेतली, इथे हॉल टाळ्यांनी दणाणला, कारण हॉलमधला प्रत्येक जण पोटासाठीच परमुलखात आलेला. त्याच्या देशबंधूंनी एकमेकांकडे पाहिलं. बिजागरीच्या म्हाताऱ्यापाशी तर लोक उभेच राहिले. मी सगळं डोळे भरून बघत होते.

तो बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने जे करायचं तेच केलं. आपल्या माणसांसमोर आपली नवी अब्रू सावरायची होती त्याला. म्हणाला, ते पुस्तक तरुण माणसाचं होतं, पुढे मला अनुभवाने शहाणपण आलं, आणि तेही तुमच्याच पुण्याजवळ. मी हे मराठीत सांगितलं. एका संध्याकाळी त्या मांडवात आम्ही दोघंच होतो, तो म्हणाला. मी हेही सांगितलं. आणि तो म्हातारा माझ्याकडे झुकला आणि म्हणाला, की काम हवंय कोणाला, असं आयतं बसून राहण्यातच सुख आहे.

तो थांबला. मान उजवीकडे कलती करून माझ्याकडे बघत राहिला, अगदी पूर्वीसारखा.

मी ते मराठीत सांगितलं नाही.

"वहिनी, ट्रान्सलेट करा ना," अध्यक्ष कुजबुजले.

मी त्याला स्पॅनिशमध्ये विचारलं, "तो हे कोणत्या भाषेत म्हणाला?" आणि लगेच हॉलला मराठीत सांगितलं, "मी पाहुण्यांना विचारलं, की त्या कामगाराशी आपण कोणत्या भाषेत बोललात?"

लोकांना प्रश्न आवडला. तोही हसला. "अर्थात त्याच्या भाषेत. तुमच्या."

"तुम्हाला मराठी येत होतं?"

"नाही, नाही. कोणीतरी सांगायचं मला. एक मुलगी होती."

"पण आत्ता तर तुम्ही म्हणालात, की दोघंच होतात."

हे सगळं मी दोन्ही भाषांत, एकेक वाक्य करून सांगत होते. माझा आवाज चढला नव्हता. केस होण्यासारखं मी काही बोलत नव्हते.

"असेल ती तिथे," तो म्हणाला. "तिचं काय एवढं?"

"तिला दोन वेण्या होत्या," मी म्हटलं. "त्या फिटरची ती मुलगी. तुमचं पुस्तक तिनेच मराठीत आणलं, तुमच्या शेल्फात ते उलटं लावलंय. ती मीच. तुम्ही आणि बाबा जे जे बोललात ते माझ्या तोंडातून गेलं. आत्ता तुम्ही सांगितलंत ते वाक्य मी कधी ऐकलं नाही आणि कधी सांगितलं नाही. म्हणून आज मला ते मराठीत सांगता येत नाही."

हॉलमध्ये मठ्ठ्याच्या पातेल्यावर कोणीतरी झाकण ठेवलं, तेवढा आवाज झाला. अध्यक्षांचा चेहरा पडला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तो बिजागरीवाला... तुमचे वडील?" मी मान हलवली. ते खुर्चीतून उठले आणि नुसते उभेच राहिले. मग मागे त्यांच्या वर्कशॉपची माणसं उठली, आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

शूटिंग करणाऱ्या बाईने मोबाइल खाली घेतला.

तो नारळ धरून तसाच. मला वाटलं होतं तो चिडेल, मला खोटी ठरवेल. त्याची मी तयारी करून आले होते. त्याने माइक खाली केला, माझ्याकडे वळला आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं बोलला. तुझा बाप असा नव्हता, मला माहीत आहे. मी ते वाक्य रचलं. मला क्षमा कर. डोळ्यांत पाणी होतं. तेच, मांडवातलं पाणी. एवढं बोलून त्याने मान कलती केली आणि मी ते हॉलला सांगण्याची वाट बघत थांबला.

आणि मला लख्ख दिसलं पुढे काय होणार ते. मी सांगितलं असतं, की लोक विरघळले असते. आपले लोक माफीपुढे टिकत नाहीत. अध्यक्षांनी त्याला मिठी मारली असती, बायकांनी डोळे पुसले असते, त्याला आग्रहाने अळूवडी वाढली गेली असती. आणि वर्षभरात पुस्तक आलं असतं: दुबईच्या एका हॉलमध्ये एका फिटरच्या मुलीने माझे डोळे उघडले. पुन्हा माफी, पुन्हा वळण, पुन्हा नवं घर. एकदा बाबांना पायरी केलं, आता मला केलं असतं.

हॉल माझ्याकडे बघत होता. "काय म्हणाले?" अध्यक्षांनी विचारलं.

मी माइक तोंडाशी घेतला. "काही नाही," मी म्हटलं. "त्यांना आणखी काही बोलायचं नाहीये."

त्याला मराठी येत नाही. माझं वाक्य फार लहान आहे एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं असावं. तो लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला, आणि त्या चेहऱ्यांवर काहीच बदललं नाही. मग त्याचे देशबंधू उठले आणि त्यांच्यामागून तोही निघाला, शालीसकट. जाताना त्याला जेवायला थांबा असं कोणीही म्हटलं नाही. मराठी मंडळात असं मी पहिल्यांदा पाहिलं.

घरी पोचेपर्यंत आईचा फोन आलाच. बराच वेळ ती नुसती रडत होती. मग नाक पुसून म्हणाली, "बरं केलंस. यांचं नाव राखलंस." पुढे तिने विचारलं, "अगं, पण शेवटी तो तुला काहीतरी म्हणत होता. तोंड हलताना दिसलं मला. माफी मागत होता का गं? मागितली असेल. तसा मनाने वाईट नव्हता तो. माफी मागितली असेल तर मला बरं वाटेल."

मुलगी समोर बसली होती. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही आई," मी म्हटलं. "नाही मागितली."